कोपरा कापला तरी परिमिती तेवढीच कशी?

पाटीपेन्सिल

गणितवाल्यांनो, जरा मदत करा. मी आयुष्यभर गणितात काठावर पास झालेली बाई, आणि आता लेकीसोबत काठच मोजत बसायची वेळ आली आहे.

लेक पाचवीत आहे. तिच्या सरावाच्या वहीत एक आकृती आहे, इंग्रजी एल अक्षरासारखी. इथे चित्र चढत नाहीये म्हणून शब्दांत सांगते. १० सेंमी लांब आणि ८ सेंमी उंच असा आयत घ्या आणि त्याचा वरचा उजवा कोपरा चौकोनी कापून टाका. उरलेल्या आकृतीत खालची बाजू १०, डावी ८, वरची ४ आणि उजवी ३. कापलेल्या जागी ज्या दोन बाजू आत आल्या आहेत, त्यांच्यावर आकडेच लिहिलेले नाहीत.

लेकीने दिसले तेवढे आकडे जोडले. १० + ८ + ४ + ३ = २५. मी म्हटलं, अगं दोन बाजू राहिल्या. मग दोघींनी मिळून त्या शोधल्या. आडवी १० − ४ = ६, उभी ८ − ३ = ५. बेरीज ३६. उत्तरसूचीतही ३६. मी खूश होऊन उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आई, अख्ख्या आयताची परिमितीपण २ × (१० + ८), म्हणजे ३६च येते. मग आपण कापलेला कोपरा गेला कुठे?"

मी परत खाली बसले. क्षेत्रफळ काढून पाहिलं. आधी ८०, कापल्यावर ५०. तीस चौरस सेंमी कागद गेला आणि परिमितीला त्याचा पत्ताच नाही! नवरा म्हणाला उत्तरसूची चुकली असेल. पण बेरीज तर आम्हीच केली होती, सूचीला कशाला दोष? त्याला त्याच्या कामाला पाठवलं आणि इथे आले.

त्याच पानावर दुसरं गणित. १४ सेंमी व्यासाचं अर्धवर्तुळ, परिमिती काढा. लेकीचं उत्तर २२, सूचीत ३६. (परत ३६! या पानाला ३६चं वेडच लागलंय.) इथे मात्र मलाही २२च बरोबर वाटतंय.

सूत्रं तिला सगळी पाठ आहेत. चौरसाला ४ × बाजू, आयताला २ × (लांबी + रुंदी), वर्तुळाला २ × पाय (π) × त्रिज्या. झोपेतून उठवलं तरी म्हणेल. घोडं नेमकं कुठे अडतंय तेच कळत नाही.

---

कोनमापक

ताई, पहिल्या गणितात सूचीही बरोबर आणि लेकही बरोबर.

कापलेल्या जागी जी ६ सेंमीची आडवी बाजू आत आली आहे, ती मनातल्या मनात उचला आणि सरळ वर सरकवा. ती त्या ४ सेंमीच्या शेजारी जाऊन बसेल. ४ + ६ = १०, आयताची वरची बाजू पूर्ण. आता ५ सेंमीची उभी बाजू उजवीकडे ढकला. ती ३ च्या डोक्यावर बसेल. ३ + ५ = ८. झाला आयत. कोपरा कापताना तुम्ही बाहेरची ६ आणि ५ अशी ११ सेंमी कड काढलीत, आणि त्याच कापण्याने आत ६ आणि ५ अशी ११ सेंमी नवी कड तयार झाली. फिट्टंफाट. कागद ३० चौरस सेंमी गेला तो गेलाच, पण परिमितीच्या वहीत कागदाचा हिशेब नसतोच मुळी. तिथे फक्त कडेचा जमाखर्च.

पण लगेच "कापलं तरी परिमिती बदलत नाही" असा नियम करून टाकू नका. लेकीला सांगा, आता कोपरा नाही, वरच्या बाजूच्या मधोमध एक खाच काप, २ सेंमी रुंद आणि ३ सेंमी खोल. मग काढ. उत्तर मी इथे लिहीत नाही.

आणि २५ कसे आले त्याबद्दल. मुलं आकृतीवरचे आकडे जोडतात, बाजू नाही. आधी कोपरे मोजायला लावा. सहा कोपरे तर सहा बाजू, आणि सहा बाजू तर बेरजेत सहा आकडे हवेत. चारच असतील तर दोन कुठेतरी लपलेत. आयताचं सूत्र म्हणजे तरी काय, चार आकड्यांची बेरीज थोडक्यात लिहायची सोय. पण ते पाठ झालं की आपण काय जोडतोय तेच पोरं विसरतात.

---

जुनापुराणा

एवढं लांबण लावायची गरज नाही. आमच्या वेळी सूत्र पाठ करायचं, आकडे घालायचे, उत्तर लिहायचं, मोकळं व्हायचं.

अर्धवर्तुळाचं उत्तर २२च. व्यास १४, परीघ २२/७ × १४ = ४४, त्याचा अर्धा २२. वर्तुळ अर्धं तर परीघ अर्धा, यात ३६ आले कुठून? हल्लीच्या उत्तरसूच्या कोण तपासतं देव जाणे.

---

सुईदोरा

काका, तुमच्याच वळणाने जाऊन मी एकदा तोंडावर आपटले आहे, म्हणून लिहिते.

मी शिवणकाम करते. अर्धगोल पायपुसणं डोळ्यांसमोर आणा, दाराशी टाकतात तसलं. व्यास ७० सेंमी. अख्ख्या गोलाचा परीघ २२०, म्हणून मी कडेच्या पायपिंगसाठी ११० सेंमी पट्टी कापली. गोलाई छान शिवून झाली, पट्टी संपली आणि सरळ बाजू तशीच उघडी. दोन दिवसांत तिच्या दशा निघायला लागल्या! कापडाला कुठे माहीत की ही बाजू आधी व्यास होती? कात्री फिरली की तीही कडच. ११० + ७० = १८० सेंमी पट्टी हवी होती.

तुमच्या आकृतीत तेच. गोलाई २२ आणि सरळ बाजू १४, मिळून ३६. अर्धा परीघ वेगळा आणि अर्धवर्तुळाची परिमिती वेगळी. पाव वर्तुळ असेल तर पाव परीघ आणि वर दोन त्रिज्या.

पाटीपेन्सिल ताई, मी तर म्हणते लेकीला परिमिती शब्दाऐवजी सरळ विचारा, "याला गोट लावायचा तर पट्टी किती लागेल?" उलटा घोळही त्याने सुटतो. ४० सेंमीचे दोन चौरस तुकडे एकमेकांना जोडले तर पट्टी किती? मुलं म्हणतात १६० आणि १६०, ३२० सेंमी. पण जिथे जोड आला तिथे कड उरलीच कुठे, ती शिवणीत गेली. दोन्ही तुकड्यांची एकेक बाजू गेली, ८० वजा. राहिली २४०.

तिरक्या चौकोनाचंही सांगून ठेवते, पुढच्या वर्गात गळ्यात पडेल. समांतरभुज चौकोन, पाया ८, तिरकी बाजू ५, उंची ३. क्षेत्रफळाला उंची लागते, म्हणून मुलं परिमितीलाही उंचीच धरतात आणि २२ लिहितात. उंची आकृतीच्या पोटातून जाते. पोटाला गोट लावतं का कोणी? २ × (८ + ५) = २६.

आता माझाच एक प्रश्न, धागा चालू आहे तोवर विचारून घेते. लंबगोल टेबलक्लॉथ असतो, १२० सेंमी लांब आणि ८० रुंद. मी दोन्हींची सरासरी १०० धरते आणि पायने गुणते, ३१४ येतात. जोडाचं कापड वेगळं धरूनही दर वेळी दोन बोटं पट्टी कमी पडते. हात चुकतो की हिशेब?

---

फक्कीवाला

मी शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांसाठी मैदानं आखतो. कोपऱ्याचं वर आलंच आहे, मी गोलाईवर लिहितो, कारण माझी निम्मी हयात त्यातच गेली.

४०० मीटरची धावपट्टी म्हणजे शाळेतली परिमितीच. दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळं. प्रमाण मापं अशी: सरळ बाजू ८४.३९ मीटर, आतल्या कडेची त्रिज्या ३६.५० मीटर. आता लेकीला हिशेब करायला लावा. सरळ बाजू दोन, १६८.७८. दोन अर्धवर्तुळं मिळून एक वर्तुळ, २ × ३.१४१६ × ३६.५० = २२९.३४. एकूण ३९८.१२. मग ४०० कुठे आहेत?

पहिल्यांदा मी हा हिशेब केला तेव्हा घामच फुटला. टेप तीनदा लावली. मग एका जुन्या जाणत्या माणसाने हसत सांगितलं, "अरे, धावणारा कठड्यावरून धावतो का?" पहिल्या पट्टीची लांबी आतल्या कठड्यापासून ३० सेंमी बाहेर मोजतात, म्हणजे त्रिज्या ३६.८० धरायची. गोलाई २३१.२२, अधिक १६८.७८. बरोबर ४००. परिमिती काढायच्या आधी कुठली रेघ मोजतोय ते ठरवायचं, हे मला तिथे कळलं.

इथे २२/७ वापरायचं नाही बरं का. २२/७ हे पायपेक्षा किंचित मोठं आहे. वहीत चालतं, पण या गोलाईला सुमारे ९ सेंमी जास्त दाखवतं.

दुसरी पट्टी. पट्टीची रुंदी १.२२ मीटर, आणि बाहेरच्या पट्ट्यांची लांबी आतल्या रेघेपासून २० सेंमीवर मोजतात. त्रिज्या ३६.५० + १.२२ + ०.२० = ३७.९२. फेरी होते ४०७.०४ मीटर. म्हणून ४०० मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या पट्टीचा धावपटू ७.०४ मीटर पुढे उभा राहतो. तिथून पुढे दर पट्टीला ७.६७ मीटर वाढ, आठव्या पट्टीपर्यंत ५३.०३. टीव्हीवर शर्यत बघताना घरातलं कोणीतरी विचारतंच की बाहेरच्याला आधीच पुढे का सोडलाय. ही त्याची परिमिती.

यातली गंमत अशी की ती ७.६७ ची वाढ मैदान केवढं आहे त्यावर अवलंबूनच नाही. त्रिज्या १.२२ ने वाढली की परीघ २ × पाय × १.२२ ने वाढतो, आधीची त्रिज्या काहीही असो. पृथ्वीला विषुववृत्तावर घट्ट दोरी बांधली आणि त्यात फक्त एक मीटर वाढवून ती सगळीकडून सारखी उचलली, तर ती जमिनीपासून जवळजवळ १६ सेंमी वर येईल. लिंबाला बांधली तरी १६ सेंमीच. मी हे पटेपर्यंत चार वेळा मांडून पाहिलंय.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. घरात दोन दिवस कात्री, दोरा आणि पट्टी याशिवाय विषय नाही.

सुईदोरा ताईंचं वाचून लेक म्हणाली, खरंच दोरा लावून बघू. चौकटीच्या कागदावर तीच आकृती काढली, पुठ्ठ्यावर चिकटवून कापली आणि कडेने दोरा गुंडाळला. दोरा मोजला तर ३३ च्याही आत! ३६ नाहीच. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांनाच खोटं पाडणार ही.

मग नीट बघितलं. दोरा ताणून धरल्यावर आत गेलेल्या कोपऱ्यात तो शिरलाच नव्हता. या टोकापासून त्या टोकाला सरळ तिरका गेला होता. ६ आणि ५ मिळून ११ च्या जागी त्याने आडवाटेने साडेसात-आठातच काम उरकलं होतं. आतल्या कोपऱ्यात टाचणी टोचली, दोरा तिच्यामागून घेतला, आणि बरोबर ३६. लेकीने वहीत टाचणीचं चित्र काढलंय.

कोनमापक दादा, तुमची खाचही केली. वरची रुंदी २ गेली पण खाचेचा तळ २ आला, तिथे बरोबरी. वर दोन भिंती ३-३ च्या नव्या. ३६ + ६ = ४२. कागद कमी झाला, परिमिती वाढली! "म्हणजे खाचा करत गेलं की वाढतच जाणार" असं म्हणत तिने पुठ्ठ्याचा कंगवा करून टाकला.

आता खरी अडचण. काल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचारते, "कापलेल्या कोपऱ्यात एका पायरीऐवजी दोन पायऱ्या केल्या तरी तिथे ११च ना?" म्हटलं हो. "दहा केल्या तर?" तरी ११. "हजार?" ११. "मग इतक्या बारीक केल्या की दिसणारच नाहीत, तर ती दोऱ्याची तिरकी रेघच झाली ना? मग ती ११ आहे की पावणेआठ?"

मी दिवा मालवला. उत्तर द्या आता.

---

कोनमापक

तुमच्या लेकीने मोठ्यांनाही घोळात घेणारं कोडं अंथरुणात पडल्या पडल्या शोधलं. कमाल आहे.

तिरकी रेघ म्हणजे ६ चा वर्ग ३६, ५ चा वर्ग २५, बेरीज ६१, तिचं वर्गमूळ ७.८१. पायऱ्या मात्र कितीही बारीक करा, ११च. दोन्ही उत्तरं खरी, कारण त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. दिसायला सारख्या झाल्या म्हणून एक होत नाहीत.

कागदावर असं मांडा. दहा पायऱ्या केल्या तर प्रत्येकीची आडवी ०.६ आणि उभी ०.५. एक पायरी १.१, दहा मिळून ११. आता पायऱ्या आणि तिरकी रेघ यांच्यामधले छोटे त्रिकोण बघा. एकच पायरी असताना तो त्रिकोण १५ चौरस सेंमीचा. दहा पायऱ्यांत सगळे त्रिकोण मिळून १.५. हजार पायऱ्यांत ०.०१५. फट संपत जाते, लांबी हलतसुद्धा नाही. डोळ्याला फट दिसेनाशी झाली की आपण म्हणतो "झाली की रेघ". पण हजाराव्या पायरीवरची मुंगीसुद्धा आडवी किंवा उभीच चालते आहे. तिरकं पाऊल तिने एकदाही टाकलेलं नाही.

मग वर्तुळाचा परीघ बहुभुजाकृतींवरून काढतात तो कसा चालतो, हे ती उद्या विचारेल, म्हणून आजच सांगतो. वर्तुळात षटकोन बसवला तर त्याची प्रत्येक बाजू त्रिज्येएवढी, परिमिती व्यासाच्या बरोबर तिप्पट. मग १२ बाजू, २४, ४८, ९६. आर्किमिडीज ९६ बाजूंपर्यंत गेला, आतून एक आणि बाहेरून एक बहुभुजाकृती घेऊन, आणि पाय ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा मोठा आणि ३ पूर्णांक १/७ पेक्षा लहान आहे असं त्याने दाखवलं. ते ३ पूर्णांक १/७ म्हणजेच आपलं २२/७. तिथे बाजू बारीक होत जातात तशा वर्तुळाच्या वळणाच्या दिशेलाच वळत जातात. पायऱ्यांच्या बाजू हट्टी, त्या दिशाच बदलत नाहीत.

आणि दोऱ्याचा तो "चुकलेला" ३३ खोडू नका. ३६ − ११ + ७.८१ = ३२.८१. तो कोपरा तिरका कापला असता तर परिमिती तेवढीच आली असती.

सुईदोरा ताई, हात चुकत नाही, हिशेब चुकतो. लंबवर्तुळाच्या परिमितीला वर्तुळासारखं सोपं नेमकं सूत्र नाहीच. रामानुजन यांनी १९१४ साली एक जवळपासचं सूत्र दिलं, फार अचूक आहे. लांबीचा अर्धा ६०, रुंदीचा अर्धा ४०. त्यांच्या बेरजेची तिप्पट ३००. मग (३ × ६० + ४०) = २२० आणि (६० + ३ × ४०) = १८०, यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ १९९. ३०० वजा १९९ म्हणजे १०१. त्याला पायने गुणा, ३१७.३. सरासरीचे ३१४, म्हणजे तीनेक सेंमीचा फरक. हीच तुमची दोन बोटं. कापड खरोखर लंबवर्तुळाकार बेतलेलं असेल तरच हं. मधे सरळ आणि टोकांना अर्धगोल असेल तर फक्कीवाल्यांची धावपट्टी आहे ती, तसा हिशेब करा.

---

जुनापुराणा

अर्धवर्तुळाचं मान्य. सूत्र वर्तुळाचं लावलं आणि आकृती बघितलीच नाही.

२२/७ वरून आठवलं. आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाला ६२,८३२ परीघ सांगितला आहे, म्हणजे ३.१४१६. आणि तोही "आसन्न", म्हणजे जवळपासचा, असं तिथेच म्हणून ठेवलंय. आम्ही मात्र २२/७ म्हणजेच पाय, असं चाळीस वर्षं धरून चाललो.

---

पाटीपेन्सिल

मुंगीचं पाऊल लेकीला पटलं. आता तिला कंगव्याची परिमिती हवी आहे. दात मोजतेय. २६ झालेत आणि मधला एक तुटलाय, तो धरायचा की नाही यावर घरात वाद चालू आहे.

---

सुईदोरा

तुटलेल्या दातालाही कड असते. जेवढा उरलाय तेवढा धरा.

मी आज १२० बाय ८० चा लंबगोल घेतला. ३१७ सेंमी पट्टी आणि वर जोडाला दोन. टाके घालत परत सुरुवातीच्या टोकाशी आले तेव्हा श्वास रोखून बघत होते. पुरली. बोटभर उरलीसुद्धा.